सहा इंचांचं दार

पहाटे पाचला आम्ही बोळात शिरलो तेव्हा बर्फ नुकताच थांबला होता. तापमान उणे १८. इतक्या थंडीत नाकातले केस गोठतात आणि दर श्वासाला टोचतात, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्यापुढे चालणाऱ्या बाईंचं वय ६८. आयुष्यभर शहराची बस चालवून त्या निवृत्त झाल्या आहेत. एका हातात फावडं, दुसऱ्या हातात कोमट पाण्याचा मोठा थर्मास, पाठीवर कोरड्या खाद्याची पिशवी. एका गराजच्या मागे, भिंत आणि कुंपण यांच्यामधल्या हातभर जागेत त्या थांबल्या. तिथे बर्फाचा एक उंचवटा होता, बाकी काही नाही. फावडं बाजूला ठेवून त्या गुडघ्यांवर बसल्या आणि हातमोज्यांनीच बर्फ उकरायला लागल्या. आधी करड्या रंगाचं प्लॅस्टिक दिसलं, मग त्यावर लोंबणारी रबराची झडप, आणि झडपेमागे एक गोल भोक. सहा इंचांचं. आपल्या मापात टीचभर.

भोकाच्या आतल्या कडेवर पिठीसाखरेसारखे पांढरे, बारीक काटे धरले होते. बाईंनी ते बोटाने दाखवले आणि क्षणभर डोळे मिटले. आत कुणीतरी श्वास घेत होतं. त्या श्वासातली वाफ दाराशी येऊन गोठली होती.

आत डोकवायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. डोकावलं तर मांजर घाबरून बाहेर उडी मारणार, आणि रात्रभर अंगाखाली धरून ठेवलेली ऊब एका क्षणात जाणार. म्हणून बाईंनी दारासमोरचा बर्फ हाताने दाबून वाट केली, भांड्यात कोमट पाणी ओतलं, मूठभर खाणं ठेवलं, आणि आम्ही पुढच्या उंचवट्याकडे निघालो. नऊ वर्षं त्या या मांजरीला सांभाळताहेत. तिला त्यांनी एकदाही हात लावलेला नाही.

हे शहर शिकागो. माझी धाकटी बहीण तिथल्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहते, आणि एका हिवाळ्यात ऑक्टोबर ते फेब्रुवारी मी तिच्याकडे होते. शिकागोतल्या घरांच्या मागून बोळ जातात. कचऱ्याचे डबे, गराज, विजेचे खांब सगळे तिकडे, म्हणजे पुढचा रस्ता मोकळा राहतो. सगळ्या बोळांची लांबी मिळून सुमारे १,९०० मैल भरते. मुंबईहून दिल्लीला जाऊन परत यावं, त्याहूनही थोडी जास्त. या बोळांमध्ये मांजरं राहतात. कुणी घर बदलताना सोडून दिलेली, कुणी हरवलेली, आणि बरीचशी बोळातच जन्मलेली. पिल्लू साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाळतं. त्या दिवसांत माणसाचा हात अंगावरून फिरला नाही तर पुढे ते सहसा हाताला लागत नाही. आपल्याकडच्या मांजरांसारखं ओट्याखाली येऊन बसणं त्याच्या नशिबी नसतं. माणसाकडून त्याला अन्न चालतं, माणूस चालत नाही.

चिपळूणजवळच्या आमच्या घरी थंडीत मनी चुलीच्या वैलापाशी राखेत झोपायची. सकाळी आजी चूल पेटवायला बसली की ती अंग झाडत उठायची आणि माजघरभर राख उडवायची. विण्याच्या वेळी ती गोठ्यावरच्या माळ्यावर पेंढ्यात जायची. आजी म्हणायची, मांजर पिल्लांना सात घरं फिरवते. फिरवायला सात घरं होती, आणि सातही घरांत कुठे ना कुठे ऊब होती. शिकागोत घरं लाखो आहेत, पण बाहेरच्या जिवाला त्यांतून फट नाही. थंडी आत येऊ नये म्हणून ती इतकी घट्ट बांधलेली असतात की ऊबही बाहेर येत नाही. मग मांजरं नुकत्याच थांबलेल्या गाडीच्या इंजिनात शिरतात. म्हणून हिवाळ्यात गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा माराव्यात, असं तिथले लोक मुलांनाही शिकवतात.

मांजरांसाठी असा उबदार खोका बांधायला मी शिकले ते एका चर्चच्या तळघरात. ग्रंथालयाच्या फलकावर चिठ्ठी पाहिली आणि बहिणीला घेऊन गेले. पंचवीसेक माणसं होती. शाळकरी मुलं, एक नर्सबाई ड्यूटीचे कपडे न बदलता आलेल्या, आणि चक्क सोलापूरचा एक तरुण. तिकडे सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. माझं मराठी ऐकून तो उठून जवळ आला, "मावशी, तुम्ही इकडे कुठे?" म्हणाला, आणि पुढचे दोन तास माझा गुरू झाला.

सामान साधं. झाकण असलेला मोठा प्लॅस्टिकचा डबा, शंभर-सव्वाशे लिटरचा, घरोघरी जुने कपडे ठेवायला वापरतात तसला. आत सगळ्या बाजूंनी, तळाला आणि झाकणाखाली, थर्मोकोलसारख्या घट्ट फोमच्या पाट्या. अरुंद बाजूला दार कापायचं, तेही तळापासून चार-पाच बोटं वर, म्हणजे पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी आत येत नाही. डबा जमिनीवर टेकवायचा नाही; खाली विटा किंवा लाकडी फळ्या. दार वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला, शक्यतो भिंतीकडे तोंड करून. वर जड दगड. दार सहा इंचांचंच का? मांजराला तेवढं पुरतं. त्याहून मोठं केलं की रकून हा तिकडचा रानटी प्राणी येतो, कुत्रा तोंड घालतो. खाणं खोक्याच्या आत ठेवायचं नाही, तेही याच कारणाने.

मला वाटलं होतं, खोका जितका मोठा तितका चांगला. नेमकं उलटं आहे. या खोक्यात वीज नाही, शेगडी नाही. आतली ऊब सगळी मांजराच्या अंगाची. चार किलोचं मांजर नुसतं बसून असलं तरी त्याच्या शरीरातून साधारण नऊ-दहा वॅट उष्णता बाहेर पडते, स्वयंपाकघरातल्या लहान एलईडी दिव्याइतकी. एवढ्याशा उष्णतेने खोली तापत नाही, पण दोन-तीन मांजरं अंगाला अंग लावून बसतील एवढाच खोका असला तर तापतो. मांजराच्या शरीराचं तापमान ३८-३९ अंश, आणि शरीराला जादा कष्ट न पडता ते राखता यावं म्हणून भोवतालची हवा ३० अंशांच्या वर लागते. त्याखाली प्रत्येक अंशाला शरीर आतलं इंधन जाळतं. बोळातल्या मांजराकडे जाळायला फारसं नसतं. उबेसाठी त्याला आपली गरज नाही. ती त्याची त्याच्याकडे असते. ती निसटून जाऊ नये एवढीच सोय आपण करायची.

आता गोधडीची गोष्ट. बहिणीकडे आईने शिवलेली एक जुनी गोधडी होती, आईच्याच लुगड्यांची, कडेला विरलेली. आम्ही दोघींनी आदल्या रात्री ठरवलं की ती कापून खोक्यात घालायची. आईला आवडलं असतं. तिने आयुष्यात कुणाही जिवाला उघड्यावर झोपू दिलं नाही. मी ती पिशवीतून काढली तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी दोन्ही हातांत घेतली, तिच्यावरचे टाके निरखले, आणि हलकेच परत दिली. सोलापूरच्या मुलाने मला मराठीत समजावलं. "मावशी, कापड पाणी धरतं. मांजर ओल्या पायांनी आत येतं, श्वासाची वाफ असते, ती सगळी कापडात मुरते आणि रात्री गोठते. मग अंगाची ऊब कापडच ओढून घेतं. गोधडीवर झोपलेलं मांजर उघड्यावरच्या मांजरापेक्षा आधी गारठतं."

मग घालायचं काय? त्याने एका कोपऱ्यातली गासडी ओढून आणली आणि सुतळी कापली. सोनेरी रंग, सुका वास. माझ्या तोंडून शब्द निघून गेला, "पेंढा!"

भाताचा नव्हे, गव्हाचा. म्हणजे सोलापूरकडे म्हणतात ते काड. प्रत्येक काडी आतून पोकळ असते. तिच्यात हवा कोंडून राहते आणि हवेसारखं उबेचं कुलूप नाही. काडी कापडासारखं पाणी धरत नाही, बरंचसं तिच्यावरून निथळून खाली जातं. मांजर काडात शिरतं, गोल फिरून खळगा करतं आणि चारी बाजूंनी स्वतःवर ओढून घेतं. अमेरिकेत नवखी माणसं इथेच चुकतात. दुकानात दोन गासड्या शेजारी शेजारी असतात, एक काडाची, एक वाळल्या गवताची, आणि शहरातल्या माणसाला दोन्ही सारख्याच दिसतात. गवत म्हणजे वैरण, जनावराने खायची. ती ओल धरते, दोन आठवड्यांत बुरसते. आमच्या गोठ्यात हा फरक पाच वर्षांच्या पोराला कळायचा. गाईपुढे टाकतात ते वेगळं, वासराखाली पसरतात ते वेगळं. चर्चच्या त्या तळघरात सहा मराठी हातांनी काड कुस्करून खोक्यात भरलं, आणि मला आमच्या माळ्यावरची मनी आठवली. ती आजीने घातलेल्या गोणपाटावर कधी व्यायली नाही, दर वेळी पेंढ्यातच गेली. तिला ठाऊक होतं.

गोधडी बहिणीच्या सोफ्यावर परत गेली.

बोळातल्या मांजरांना सांभाळण्याची ही रीत दिसते तितकी जुनी नाही. पूर्वी अमेरिकेत अशा मांजरांबाबत एकच रीत होती: पकडायची, निवाऱ्यात न्यायची, कुणी पाळायला नेणार नाही म्हणून मारायची. १९९० साली वॉशिंग्टनमधल्या अ‍ॅडम्स मॉर्गन वस्तीतल्या एका बोळातल्या मांजरांवरून बेकी रॉबिन्सन आणि लुईस होल्टन यांनी अ‍ॅली कॅट अलाइज ही संस्था सुरू केली. पिंजरा लावून पकडायचं, नसबंदी करून लस टोचायची, आणि त्याच जागी परत सोडायचं, ही पद्धत ब्रिटनमध्ये आधीपासून होती. ती या दोघींनी अमेरिकेत रुजवली. शस्त्रक्रिया झालेल्या मांजराचा एक कान, बहुधा डावा, भूल असतानाच टोकाला सेंटीमीटरभर सपाट कापतात. लांबून कान पाहिला की कळतं, हिला पुन्हा पकडायला नको. बोळातल्या बायका मांजरांबद्दल बोलताना आधी कानाचं सांगतात, मग रंगाचं. शिकागो ज्या कुक काउंटीत येतं तिथे २००७ पासून याचा कायदा आहे: मांजरांच्या वस्तीची काळजी घेणाऱ्याने मान्यताप्राप्त संस्थेकडे नोंद करायची, प्रत्येक मांजराची नसबंदी, रेबीजची लस, मायक्रोचिप आणि कानाची खूण ही त्याची जबाबदारी.

हा कायदा मला खोक्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. कारण नुसता खोका ठेवणं हे अर्धवट काम आहे, आणि अर्धवट काम इथे घातक ठरतं. उबेत राहिलेली, पोटभर खाल्लेली भाटी वसंतात चार-पाच पिल्लं देते, आणि पुढच्या हिवाळ्यात त्याच खोक्यासमोर पाच-सहा जीव उभे राहतात. दिवस लहान झाले की मांजरींचं माजावर येणं थांबतं, जानेवारीनंतर दिवस वाढू लागले की पुन्हा सुरू होतं. म्हणून जाणती माणसं ऑक्टोबर ते डिसेंबर याच काळात पिंजरे लावतात. तेव्हा गाभण मांजरी कमी सापडतात, आणि खोक्याच्या आमिषाने मांजरं एका ठिकाणी जमलेली असतात.

पक्ष्यांविषयी न बोलता मला पुढे जाता येणार नाही. २०१३ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेल्या अभ्यासाने अंदाज मांडला की अमेरिकेत मोकाट फिरणारी मांजरं वर्षाला १३० कोटी ते ४०० कोटी पक्षी मारतात, आणि त्यातला मोठा वाटा बेवारस मांजरांचा असतो. अमेरिकन बर्ड कॉन्झर्व्हन्सी ही संस्था मांजरं परत जागेवर सोडण्याच्या विरोधात आहे. न्यूयॉर्कजवळच्या जोन्स बीचवर पायपिंग प्लोव्हर नावाचा चिमुकला, संकटात सापडलेला पक्षी वाळूत अंडी घालतो. तिथल्या उद्यानातल्या मांजरांवरून या संस्थेने २०१६ मध्ये दावा लावला आणि २०१८ मध्ये तडजोड होऊन मांजरं हलवण्याचं ठरलं. शिकागोतही २०१९ मध्ये माँट्रोझच्या किनाऱ्यावर या पक्ष्याच्या एका जोडीने घरटं केलं. सगळं शहर त्यांना मॉन्टी आणि रोझ म्हणून ओळखू लागलं. मांजरांवर माझा जीव आहे, तरी अशा किनाऱ्याजवळ एकही खोका असू नये असंच मला वाटतं. बसवाल्या बाईही तेच म्हणाल्या. त्यांचे खोके रेल्वेच्या यार्डाकडच्या बोळांत आहेत, किनाऱ्यापासून लांब, आणि आपल्या वस्तीत नवं मांजर आलेलं दिसलं की त्यांचा जीव टांगणीला लागतो. नऊ वर्षांपूर्वी तिथे सतरा मांजरं होती. मी गेले तेव्हा पाच उरली होती, सगळी वयस्क. त्यांना ती संख्या शून्यावर आणायची आहे, पण एकालाही थंडीने मरू न देता.

मांजरं उंदीर खातात म्हणून ठेवावीत, असं म्हणणारेही शिकागोत पुष्कळ आहेत. ऑर्किन या कीटकनियंत्रण कंपनीच्या यादीत हे शहर २०१५ पासून सलग दहा वर्षं देशात सर्वाधिक उंदरांचं ठरलं होतं. ट्री हाउस ह्यूमेन सोसायटी ही तिथली संस्था न माणसाळलेली, नसबंदी केलेली मांजरं उंदरांचा त्रास असलेल्या घरांना आणि कारखान्यांना देते. अट ही की अन्न, पाणी आणि उबदार खोका घेणाऱ्याने द्यायचा. उंदरांचं म्हणाल तर ब्रुकलिनच्या एका कचरा केंद्रात संशोधकांनी ७९ दिवस पाहिलं, तेव्हा मांजरांनी मारलेले उंदीर अवघे दोन भरले. बाकीचे उंदीर फक्त लपून राहायला शिकले. म्हणून उंदरांचं कारण मला पटत नाही. मांजराने कमावून खाल्लं तरच त्याला जगू द्यायचं, हा हिशेब मुळातच मनाला लागतो.

३० जानेवारी २०१९ ची आठवण काढली की शिकागोतली माणसं अजून आवाज खाली आणतात. ओहेअर विमानतळावर उणे ३१ अंश सेल्सियसची नोंद झाली. टपाल बंद होतं. लोकलच्या रुळांचे सांधे गोठू नयेत म्हणून त्यांच्या कडेने गॅसच्या ज्वाळा पेटवल्या होत्या. बर्फातून आग धावताना दिसत होती. घराबाहेर पडूच नका, असं सांगितलं जात होतं. बसवाल्या बाई त्या दोन दिवसांत चार वेळा बाहेर पडल्या, दर वेळी दहा मिनिटं. काड बदललं. मायक्रोवेव्हमध्ये गरम करून ठेवायच्या चपट्या तबकड्या मिळतात, त्या काडाखाली सरकवल्या. पाणी नेलं की पाच मिनिटांत त्यावर साय धरावी तसा बर्फ धरायचा, म्हणून तिथेच उभं राहून मांजर पितंय का ते पाहायचं, आणि न प्यालं तर ओतून परत गरम आणायचं. हिवाळ्यात मांजराला उपासापेक्षा तहानेचं भय जास्त, असं त्या म्हणतात. तहानेपोटीच ते गाडीखाली सांडलेला अँटीफ्रीझ चाटतं. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल लोक गोड म्हणतात; मांजराला गोड चव कळतच नाही, पण सगळं गोठलेलं असताना जमिनीवर तेवढंच एक ओलं उरतं. चमचाभर पोटात गेलं तरी मूत्रपिंडं जातात.

तेव्हा त्यांच्या वस्तीत सहा खोके आणि अकरा मांजरं होती. थंडी ओसरल्यावर दहा दिसली. एका बोक्याच्या दोन्ही कानांची टोकं गळून पडली होती, नसबंदीची खूणही त्यात गेली. अकरावी मांजर, तिरंगी, शेपटीला गाठ असलेली, नंतर कधी आली नाही. बाईंनी वसंतात बर्फ वितळेपर्यंत तो सगळा बोळ चालून पाहिला. हे सांगताना त्यांनी थर्मासचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.

आपल्याकडे थंडी मांजराच्या जिवावर उठत नाही. उठतो तो पाऊस. जुलैत मुंबईच्या सोसायट्यांत जिन्याखाली भिजून थरथरणारी पिल्लं सगळ्यांनी पाहिली आहेत. परतल्यावर मी आमच्या इमारतीच्या मीटरखोलीशेजारी तसाच एक डबा विटांवर ठेवला. फोमची गरज नव्हती, फक्त दार वर कापलं आणि तळाला पाणी निथळायला दोन भोकं पाडली. वॉचमनकाकांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. दुसऱ्या पावसात त्यांनी स्वतःच त्यावर पत्र्याचा तुकडा टाकला.

जानेवारीच्या शेवटी, मी निघायच्या आदल्या आठवड्यात, शिकागोत पुन्हा दोन दिवस बर्फ पडला. तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही बोळात गेलो. बहिणीने आणि मी बांधलेला खोका आता तिथे, यार्डाच्या कुंपणाशी होता. त्यावर वीतभर बर्फ जसाच्या तसा साचलेला. बाई म्हणाल्या, हे चांगलं लक्षण आहे. झाकणावरचा बर्फ वितळला नाही, म्हणजे ऊब वरून निसटत नाही. पण ताज्या बर्फावर कुठेच पाऊल नव्हतं, आणि दाराच्या कडेवर काटे धरलेले मला दिसले नाहीत. मी वाकून बघायला लागले, तशी बाईंनी माझी बाही धरली. आम्ही पाणी ओतलं, खाणं ठेवलं, आणि वीस पावलं मागे जाऊन एका गराजच्या आडोशाला उभ्या राहिलो. पायांची बोटं बधिर झाली. बहिणीने माझे हात आपल्या कोटाच्या खिशात घेतले.

रबराची झडप हलली. आधी एक डोकं बाहेर आलं, डावा कान सपाट. बराच वेळ ते तसंच राहिलं. मग काळी-पांढरी मांजर उतरली, चालत भांड्यापर्यंत गेली आणि पाणी प्यायला लागली. तिच्या पाठीवर दोन काड्या चिकटल्या होत्या. मागची पावलं पुढच्यांच्याच ठशांत पडत गेली होती, त्यामुळे बर्फावर एकच सरळ रेघ उमटली, दारापासून पाण्यापर्यंत.